ड्यूटेरॉनचा व्ही-टू घरच्या लॅपटॉपवर: जड आयनांच्या टकरीत नव्याने शिरणाऱ्यांसाठी

सोलापुरात एम.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाची मुलं प्रोजेक्टचा विषय शोधत माझ्याकडे येतात. त्यातल्या दोघा-तिघांना कणभौतिकीच करायची असते, आणि त्यासाठी जिनिव्हाला जावं लागतं अशी सगळ्यांची समजूत असते. हा लेख त्यांच्यासाठी आहे. सोन्याची किंवा शिशाची अणुकेंद्रकं प्रचंड वेगाने एकमेकांवर आदळली की त्या धुमाळीतून ड्यूटेरॉन, ट्रायटॉन, हेलियमची केंद्रकं बाहेर येतात. ती स्वैर उडत नाहीत, सगळी मिळून ठरावीक दिशांना झुकतात. हा झुकाव कसा मोजतात (शीर्षकातला व्ही-टू हे त्याचंच एक माप) आणि त्यातून काय कळतं, हे घरी बसून शिकता येतं. साधा लॅपटॉप, पायथन, पदवीपर्यंतची त्रिकोणमिती आणि दोन कडक भाकऱ्या एवढं जमवा.

आधी भाकऱ्या

कडक भाकरी अशासाठी, की तिची कड नीट गिरवता येते. कोऱ्या कागदावर भाकरी ठेवून पेन्सिल फिरवा, मग ती अर्धी सरकवून पुन्हा फिरवा. भाकरी २० सेंटीमीटरची असेल आणि तुम्ही ती १० सेंटीमीटर सरकवली असेल, तर दोन वर्तुळांचा सामाईक भाग बदामासारखा दिसेल. पट्टीने मोजा: रुंदी १० सेंटीमीटर, लांबी साधारण १७.३. दोन सोन्याची केंद्रकं अर्धवट आदळतात तेव्हा मधला तापलेला भाग असाच असतो. फरक आकाराचा, कारण सोन्याच्या केंद्रकाचा व्यास जेमतेम १३-१४ फेम्टोमीटर, आणि एक फेम्टोमीटर म्हणजे मीटरचा १० लाख अब्जावा भाग.

आता कागदाकडे पाहत विचार करा. बदामाच्या मध्यावर दाब भरपूर, कडेबाहेर शून्य. आडव्या बाजूला हा दाब ५ सेंटीमीटरांत शून्यावर येतो, उभ्या बाजूला त्याला पावणेनऊ सेंटीमीटर मिळतात. म्हणजे आडव्या बाजूचा उतार जास्त तीव्र, तिकडे ढकल जास्त, तिकडे कण जास्त. आकारातली असमानता अशी गतीत उतरते. दोन केंद्रकांचे मध्य जोडणारी रेषा आणि येणाऱ्या झोताची दिशा यांतून जे प्रतल तयार होतं, त्याच्या संदर्भात आपण पुढचं सगळं मोजणार आहोत.

बदामाबाहेर उरलेले दोन्ही तुकडे टकरीत सापडत नाहीत, सरळ पुढे जातात. त्यांना प्रेक्षक म्हणतात. त्यांना विसरू नका, पुढे त्यांच्यामुळेच एक मोठं वळण येणार आहे.

दोन आकडे, दोन अर्थ

प्रत्येक कण प्रतलापासून किती कोनात गेला ते लिहून घ्यायचं. त्या कोनाच्या कोसाइनची सरासरी म्हणजे व्ही-वन, आणि कोनाच्या दुपटीच्या कोसाइनची सरासरी म्हणजे व्ही-टू. व्ही-वन सांगतो की कण एका बाजूला ढकलले गेले का. व्ही-टू सांगतो की समोरासमोरच्या दोन बाजूंना जास्त गेले का. सगळ्या दिशा सारख्या असतील तर दोन्ही शून्य.

व्ही-वन काढताना सगळे नवशिके एका जागी अडखळतात. टकरीच्या पुढच्या अर्ध्यातले कण एका बाजूला झुकतात आणि मागच्या अर्ध्यातले नेमके उलट. सगळ्यांची एकत्र सरासरी काढली की शून्य हाती येतं आणि वाटतं की परिणामच नाही. म्हणून व्ही-वन नेहमी रॅपिडिटीसमोर मांडायचा, आणि मधोमध त्या रेषेचा चढ किती हे पाहायचं. रॅपिडिटी म्हणजे झोताच्या दिशेतल्या वेगाचंच एक सोयीचं माप.

असा सामूहिक प्रवाह पहिल्यांदा ठामपणे दिसला तो १९८४ मध्ये, अमेरिकेत बर्कलेच्या बेव्हालॅकवर, प्लास्टिक बॉल नावाच्या शोधकयंत्रात. कोसाइनच्या सरासरीची आजची रीत १९९० च्या दशकात रुळली.

ड्यूटेरॉन इथे टिकतो कसा

हा या विषयातला सगळ्यात गोड प्रश्न आहे, त्यामुळे इथे घाई करू नका. ड्यूटेरॉन म्हणजे एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन, आणि त्यांना बांधून ठेवणारी ऊर्जा फक्त २.२ एमईव्ही (एक एमईव्ही म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट, आणि या विषयात तापमानही याच एककात सांगतात). उलट मोठ्या टकरींत नवे कण तयार होण्याचा टप्पा संपतो तेव्हाचं तापमान सुमारे १५५ एमईव्ही, म्हणजे सत्तर पट. मे महिन्यात दुपारी दोन वाजता आपल्या डांबरी रस्त्यावर ठेवलेला बर्फाचा खडासुद्धा याहून सुखात असतो. तरी शोधकयंत्रात ड्यूटेरॉन येतात, आणि दर वेळी येतात.

संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेत, संमती कट्ट्यावर अक्षता पडल्यानंतर गर्दी बाहेर सरकताना तुम्ही पाहिली असेल. अगदी आतल्या दाटीत कुणाचा हात धरून चालणं शक्य नसतं, धक्क्याने सुटतोच. रस्ता मोकळा झाला की शेजारी शेजारी, एकाच चालीने चालणारे दोघं हात धरतात आणि पुढे जोडीने जातात. जोडी जमते ती शेवटी. ती जमायला दोन अटी लागतात, जागा जवळ हवी आणि चाल सारखी हवी. टकरीतले प्रोटॉन-न्यूट्रॉन असेच शेवटच्या टप्प्यावर जुळतात असं मानणाऱ्या चित्राला कोअलेसन्स म्हणतात. मराठीत आम्ही वर्गात सांधणी म्हणतो.

या चित्रातून एक हिशेब थेट निघतो, आणि मला वाटतं सगळा विषय त्यावर उभा आहे. समजा एका गल्लीत दुसऱ्या गल्लीपेक्षा १० टक्के माणसं जास्त आहेत. तिथे जोड्या किती जास्त जमतील? १.१ गुणिले १.१, म्हणजे २१ टक्के जास्त. तिघांचे घोळके ३३ टक्के जास्त. एकट्या माणसात जो झुकाव १० होता, तो जोडीत जवळपास दुप्पट आणि तिघांत जवळपास तिप्पट. म्हणूनच ड्यूटेरॉनचा व्ही-टू प्रोटॉनच्या सुमारे दुप्पट यावा अशी अपेक्षा असते. मात्र जोडीचा संवेग दोघांच्या बेरजेइतका असतो, त्यामुळे २ जीईव्ही (एक जीईव्ही म्हणजे हजार एमईव्ही) संवेगाच्या ड्यूटेरॉनची तुलना १ जीईव्हीच्या प्रोटॉनशी करायची. आलेख काढताना उभ्या अक्षावर व्ही-टू भागिले वस्तुमानांक आणि आडव्या अक्षावर संवेग भागिले वस्तुमानांक घ्या. सगळे बिंदू एका रेषेवर आले तर त्याला वस्तुमानांकाचं स्केलिंग म्हणतात.

आता हाताने करून पाहा

पायथन उघडा. शून्यापासून दोन पायपर्यंत एक यादृच्छिक कोन घ्या. शून्य ते १.१ यांमधली दुसरी यादृच्छिक संख्या घ्या. ती १ अधिक ०.१ गुणिले कोनाच्या दुपटीचा कोसाइन, याहून लहान असेल तर कोन ठेवा, नाहीतर टाका. अशा रीतीने उरलेल्या कोनांचा व्ही-टू ०.०५ येतो. दहा लाख कोन ठेवले तर सरासरीतली सांख्यिकी चूक ०.०००७ च्या आसपास राहते. एक लाख ठेवले तर ०.००२. हे दोन्ही आकडे स्वतः काढून बघा. किती डेटा पुरेसा, याचा अंदाज पुस्तक वाचून येत नाही.

मग दोन याद्या करा, एक प्रोटॉनची आणि एक न्यूट्रॉनची, वीस-वीस लाखांच्या. एकाला एक जोडी लावा. दोन कोनांतला फरक ०.१ रेडियनपेक्षा कमी असेल तर ती जोडी ड्यूटेरॉन झाली असं धरा. साधारण ६४ हजार ड्यूटेरॉन हाती लागतील. त्यांच्या कोनांचा व्ही-टू काढा. ०.१० च्या आसपास यायला हवा. काटेकोर सूत्र असं: प्रोटॉनच्या व्ही-टूची दुप्पट, भागिले एक अधिक त्याच्या वर्गाची दुप्पट. म्हणजे इथे ०.०९९५.

एक चूक मी स्वतः केली होती, ती सविस्तर सांगतो, कारण ती लपून बसते. जोडीचा कोन म्हणून मी दोन कोनांची सरळ सरासरी घेतली. एक कोन ०.०२ आणि दुसरा ६.२६ असेल, तर दोघं प्रत्यक्षात शेजारी आहेत, पण सरासरी येते ३.१४, म्हणजे बरोबर विरुद्ध दिशा. फरक काढताना मी दोन पायचा फेरा हिशेबात धरला होता, सरासरी काढताना नाही. व्ही-टूमध्ये काहीच बिघडलेलं दिसलं नाही, कारण कोनात पाय मिळवला तरी त्याच्या दुपटीचा कोसाइन तोच राहतो. दोन दिवस मी प्रोग्राम बरोबर आहे असं समजून चाललो. मग व्ही-टू शून्य करून व्ही-वन ०.१ टाकला. उत्तर ०.१९६ यायला हवं होतं आणि येत होतं ०.१७. तेव्हा कुठे चूक सापडली. उपाय सोपा आहे: दोन्ही कोनांचे कोसाइन मिळवा, साइन मिळवा आणि त्या दोन बेरजांवरून कोन काढा. तुमचाही प्रोग्राम आधी व्ही-वनवर तपासा, व्ही-टूवर विसंबू नका.

खऱ्या प्रयोगात प्रतल कोण दाखवतं

आपल्या खेळातल्या प्रोग्राममध्ये प्रतल शून्य कोनावर आहे हे आपल्याला माहीत होतं. खऱ्या टकरीत ते दर वेळी वेगळ्या कोनात असतं आणि कुणी सांगत नाही. ते कणांकडूनच काढावं लागतं. प्रत्येक कणाच्या कोनाची दुप्पट करायची, सगळ्यांचे साइन मिळवायचे, सगळ्यांचे कोसाइन मिळवायचे, त्या दोन बेरजांवरून कोन काढून अर्धा करायचा.

यात दोन पथ्यं आहेत. ज्या कणाचा व्ही-टू मोजायचा, तो प्रतल काढण्यात असता कामा नये, नाहीतर तो स्वतःकडेच बोट दाखवतो आणि उत्तर फुगतं. दुसरं म्हणजे मोजक्या कणांवरून काढलेलं प्रतल थोडं हललेलंच असतं, त्यामुळे मोजलेला व्ही-टू खऱ्यापेक्षा कमी भरतो. टकरीतले कण दोन गटांत वाटून दोन्ही गटांची प्रतलं किती जुळतात ते पाहतात आणि त्यावरून विभेदनाचा आकडा काढतात. तो ०.६ असेल आणि मोजलेलं उत्तर ०.०३ असेल, तर खरा व्ही-टू ०.०५. प्रोग्राममध्ये प्रत्येक टकरीला यादृच्छिक फिरवून हे सगळं पुन्हा करून पाहा. एक अख्खा रविवार जातो, पण शोधनिबंधातला तो परिच्छेद नंतर कधी परका वाटत नाही.

कण ओळखणं

चुंबकीय क्षेत्रात कणाचा मार्ग किती वाकला यावरून संवेग कळतो, आणि तो ठरावीक अंतर किती वेळात गेला यावरून वेग. दोन्ही मिळून वस्तुमान. संवेग २ जीईव्ही आणि अंतर २ मीटर धरा: प्रोटॉनला ७.४ नॅनोसेकंद लागतात, ड्यूटेरॉनला ९.१. शोधकयंत्रं नॅनोसेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत वेळ पकडतात, म्हणून हे दोघं सहज वेगळे पडतात.

घोटाळा हेलियममध्ये होतो. मार्गाच्या वक्रतेवरून खरं तर संवेग भागिले विद्युतभार मिळतो. हेलियमचा भार २, म्हणून संवेग दुप्पट करावा लागतो. ते राहिलं की हेलियम-४ हुबेहूब ड्यूटेरॉनसारखा दिसतो, कारण दोघांचं वस्तुमान आणि भाराचं गुणोत्तर जवळपास सारखंच आहे. त्यांना वेगळं करते ती वायूत सोडलेली ऊर्जा, जी भाराच्या वर्गाने वाढते, म्हणजे त्याच वेगाला हेलियमसाठी चौपट. याशिवाय झोताच्या नळीच्या भिंतीतूनही काही ड्यूटेरॉन-ट्रायटॉन उडून येतात. ज्यांचा मार्ग मागे नेला तर टक्कर झाली त्या बिंदूपासून दूर जातो, ते गाळून टाकायचे.

खरे आकडे कुठे, आणि त्यांत काय पाहायचं

हेपडेटा नावाच्या साठ्यावर प्रसिद्ध निबंधांतले आकडे तक्त्यांच्या रूपात मोफत मिळतात, आणि निबंधांचे मसुदे आर्काइव्ह (arXiv) या संकेतस्थळावर. न्यूयॉर्कजवळच्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेतल्या स्टार प्रयोगापासून सुरुवात करा. तिथल्या रिक या ३.८ किलोमीटर घेराच्या वलयात सोन्याची केंद्रकं आदळवली गेली.

पहिला तक्ता २०१६ च्या निबंधातला घ्या, ७.७ ते २०० जीईव्ही ऊर्जांचा. तुम्ही घरी केलेला आलेख इथे खऱ्या बिंदूंनी भरून निघतो. वस्तुमानांकाने भागल्यावर, दर न्यूक्लिऑनमागे (म्हणजे दर प्रोटॉन किंवा न्यूट्रॉनमागे) साधारण १.५ जीईव्ही संवेगापर्यंत हलकी केंद्रकं प्रोटॉनच्या ओळीत येतात.

लगेच दुसरा तक्ता उघडा, ३ जीईव्हीचा, २०२२ मध्ये आलेला. त्यात प्रोटॉन, ड्यूटेरॉन, ट्रायटॉन, हेलियम-३ आणि हेलियम-४ असे पाचही आहेत. व्ही-वनचा मधला चढ वस्तुमानांकाच्या पटीत वाढतो, अगदी गर्दीच्या हिशेबाप्रमाणे. व्ही-टू मात्र मध्यभागी सगळ्या हलक्या केंद्रकांसाठी ऋण येतो आणि वस्तुमानांकाचं स्केलिंगही दिसत नाही. माझ्याकडच्या एका मुलीने हा आलेख काढून पाहिला आणि म्हणाली, "सर, चिन्ह चुकलं बघा माझं." चिन्ह बरोबर होतं.

इथे ते प्रेक्षक परत येतात. २०० जीईव्हीला दोन्ही केंद्रकं सापेक्षतेमुळे शंभर पट चपटी झालेली असतात आणि एकमेकांतून क्षणात पार होतात. बदामाला मोकळी जागा मिळते आणि तो आपल्या तीव्र उताराकडे फुलतो. ३ जीईव्हीला चपटेपणा जेमतेम दीड पट असतो. आरपार जायला लागणारा वेळ सुमारे १० फेम्टोमीटर भागिले प्रकाशाचा वेग, म्हणजे टकरीच्या एकंदर काळाचा मोठा हिस्सा. बदाम फुलायला लागतो तेव्हा प्रेक्षक तुकडे अजून आडव्या बाजूंना उभेच असतात. ती वाट बंद असल्याने कण उभ्या बाजूने पिळून बाहेर पडतात, आणि म्हणून व्ही-टू ऋण. भाकऱ्यांच्या कागदावर प्रेक्षकांचे दोन्ही तुकडे रंगवा, डोळ्यांना पटेल. जर्मनीत डार्मश्टाटला हेड्स प्रयोगाने सोन्याच्या २.४ जीईव्हीच्या टकरींत प्रोटॉन, ड्यूटेरॉन आणि ट्रायटॉनच्या प्रवाहाची मोजणी केली आहे, ती याच प्रदेशातली.

स्केलिंग दिसलं म्हणून सांधणी सिद्ध झाली, असं प्रोजेक्टच्या निष्कर्षात लिहू नका. जिनिव्हाच्या एलएचसीवर ॲलिस प्रयोगाने शिशाच्या टकरींत ड्यूटेरॉनचा व्ही-टू मोजला. साधी सांधणी तिथे पुरी पडत नाही. सगळे कण एकाच फुलणाऱ्या तप्त गोळ्यातून सुटतात असं मानणारं ब्लास्ट-वेव्हचं चित्रही सगळ्या टकरींना लागू पडत नाही. मोजलेले बिंदू बऱ्याच ठिकाणी या दोन अंदाजांच्या मध्ये पडतात. शिवाय तिथे दर एक न्यूक्लिऑन वाढला की केंद्रकाची संख्या सुमारे ३०० पट घटते, त्यामुळे हेलियमसाठी डेटा विरळ मिळतो. दोन चित्रांतलं कोणतं कुठे चालतं, हा प्रश्न उघडा आहे, आणि माझ्या मते विद्यार्थ्याने यात यावं ते याचसाठी.

पुढे जायचं असेल तर

खेळातल्या प्रोग्रामनंतर स्मॅश किंवा यूआरक्यूएमडी यांसारखं वाहतूक प्रारूप, म्हणजे टकरीतला एकेक कण संगणकावर चालवून पाहणारा प्रोग्राम, चालवायला शिका. त्यात प्रत्येक न्यूक्लिऑनची जागा आणि संवेग दोन्ही मिळतात, त्यामुळे हात धरण्याची अट केवळ कोनावर न ठेवता खरी, जागा आणि चाल दोन्हींवर ठेवता येते. ३ जीईव्हीच्या आकड्यांशी जाम (JAM) हे असंच एक प्रारूप चांगलं जुळलं, पण त्यात न्यूक्लिऑनांमधलं सरासरी बल घातलं तेव्हाच. तेच बल घनदाट अणुद्रव्य किती ताठ आहे हे ठरवतं, आणि न्यूट्रॉन तारा किती जड होऊ शकतो हेही. डार्मश्टाटच्या फेअर या नव्या संकुलातला सीबीएम प्रयोग याच प्रदेशासाठी उभा राहतो आहे. भारतातले गट स्टार आणि ॲलिस दोन्हींत काम करतात. फोटॉन मोजणारं पीएमडी हे शोधकयंत्र दोन्ही ठिकाणी भारतीय गटांनी उभारलं, त्यात कोलकात्याच्या व्हीईसीसीचा वाटा मोठा.

प्रोजेक्ट माझ्याकडे आणण्याआधी मात्र एक गणित करून आणा. प्रोटॉनचा व्ही-टू ०.०५ ऐवजी ०.२ टाका, त्यासाठी सूत्रातला ०.१ बदलून ०.४ करा आणि यादृच्छिक संख्येची वरची मर्यादा १.१ वरून १.४ करा. ड्यूटेरॉनसाठी ०.४० नव्हे, ०.३७ यायला हवं. मग तीन याद्या घेऊन ट्रायटॉन बनवा, तिघांतला कुठलाही फरक ०.१ रेडियनच्या वर जाऊ देऊ नका. एक कोटी त्रिकुटांतून नऊ-साडेनऊ हजार ट्रायटॉन उरतील आणि त्यांचा व्ही-टू ०.५० च्या जवळ असेल, ०.६० नव्हे. तिप्पट का भरत नाही, ते (१ अधिक ०.४ गुणिले कोनाच्या दुपटीचा कोसाइन) या कंसाचा घन उलगडून एका पानावर लिहा. ते पान आलेखाच्या आधी लावा.